दुखण्याचीही पैसेवारी काढा : फुफ्फुसाच्या कर्करोगावर इम्युनोथेरपी घेणाऱ्या खेड्यातील रुग्णांसाठी खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि
माननीय मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात राहणारा निवृत्त कृषी सहायक आहे. नोकरीची एकतीस वर्षे मी पीक कापणी प्रयोगाचे प्लॉट आखण्यात, कापसाचे आणि तुरीचे वजन करण्यात आणि गावसमितीबरोबर बसून पैसेवारीचे, म्हणजे पूर्ण पीक एक रुपया धरले तर यंदा किती पैशांचे आले याचे, आकडे लिहिण्यात घालवली. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम, असे एकाच पिकाचे मोजमाप सरकार एका हंगामात तीन वेळा करते, कारण तो आकडा ५० पैशांच्या वर गेला की खाली राहिला, यावर जमीन महसुलातील सूट, कर्जवसुलीची स्थगिती आणि मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी ठरत आली आहे. हे पत्र मी त्याच सवयीने लिहीत आहे. माझे मोठे भाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, गेले चौदा महिने फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच रोगाशी लढायला लावणारा उपचार, घेत आहेत. या काळात त्यांच्या रक्ताचे, वजनाचे आणि छातीतल्या गाठीच्या मिलिमीटरचे मोजमाप नेमाने झाले. त्यांच्या दुखण्याचे मोजमाप मात्र सहावा डोस येईपर्यंत कोणीही केले नाही.

आपणा दोघांना एकत्र लिहिण्याचे कारण असे की, इम्युनोथेरपीचा निर्णय होतो तो बहुधा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मोठ्या कर्करोग रुग्णालयात, आणि तिथून परतलेला रुग्ण रात्री दोन वाजता कण्हू लागला की त्याला नेले जाते ते ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. पहिला दरवाजा एका विभागाचा, दुसरा दुसऱ्या विभागाचा. दादांसारखी माणसे या दोन दरवाजांच्या मध्ये राहतात.

दादांचे वय ६७. पाच एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. त्यांचा डावा खांदा मृगात दुखायला लागला आणि निदान व्हायला कापसाची दुसरी वेचणी उजाडली. मधल्या काळात तेल झाले, शेक झाला, खांदा आखडला म्हणून व्यायाम झाला, वाताची औषधे झाली. फुफ्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला झालेली गाठ हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब देते आणि खोकला येण्याच्या कितीतरी आधी खांदा दुखवते, हे आम्हाला नागपुरात गेल्यावर कळले. तिथे तुकडा तपासला गेला, ईजीएफआर आणि एएलके हे जनुकीय बदल नाहीत असे दिसले, पीडी-एल१ नावाच्या प्रथिनाचे प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक निघाले आणि दर एकवीस दिवसांनी शिरेतून देण्याचे औषध सुरू झाले. पैशाची सोय कशी केली ते इथे लिहीत नाही. ज्या घरांवर ही वेळ आली आहे त्यांना ते सांगावे लागत नाही.

हे औषध काय करते, हे मी गावात असे समजावून सांगतो. शरीरातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शेताचे राखणदार. कर्करोगाची पेशी त्या राखणदाराला ओळखीची खूण दाखवते, आणि आपलाच माणूस आहे असे समजून राखणदार काठी खाली ठेवतो. इम्युनोथेरपी ती खूण झाकून टाकते, राखणदार पुन्हा उभा राहतो. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पसरलेल्या रोगात, ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ ५० टक्के किंवा अधिक आणि वरील दोन जनुकीय बदल नाहीत, अशा रुग्णांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने उपचार सुरू केलेल्यांपैकी शंभरात सुमारे ३२ जण पाच वर्षांनंतर हयात होते, तर केमोथेरपीने सुरुवात केलेल्यांत सुमारे १६. या रोगात हा फरक फार मोठा आहे, आणि म्हणूनच दीडशे किलोमीटरवरून आम्ही जातो.

परंतु त्या चाचणीत घेतलेले रुग्ण हिंडतेफिरते होते, स्वतःची कामे स्वतः करू शकणारे होते, आणि माझे म्हणणे इथूनच सुरू होते. डॉक्टर उपचार ठरवताना रुग्ण दिवसाचा किती वेळ खाटेवर असतो हे पाहतात, आणि ते योग्यच आहे. मात्र खेड्यातला रुग्ण पुष्कळदा रोगाने नव्हे, दुखण्याने खाटेला खिळलेला असतो. दुखते म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून जेवण नाही, जेवण नाही म्हणून वजन उतरते, आणि मग कागदावर ‘प्रकृती उपचार सोसण्याजोगी नाही’ असे उमटते. त्याचे दुखणे आधी आवरले असते तर तोच माणूस कदाचित ओसरीवर बसलेला दिसला असता आणि निर्णय वेगळा झाला असता.

इम्युनोथेरपी सुरू करताना ज्यांना जास्त वेदना असतात, त्यांचे पुढचे आयुष्य तुलनेने कमी राहते, असे फुफ्फुसाच्या कर्करोगावरील निरीक्षणांतून दिसले आहे. मॉर्फिनसारखी औषधे घेणाऱ्यांबाबतही असेच दिसते. या दुसऱ्या गोष्टीचा उलटा अर्थ काढला जाऊ नये, यासाठी मी थोडे विस्ताराने लिहितो. ज्याचा रोग हाडांत, बरगड्यांत, मज्जारज्जूजवळ पोहोचला आहे त्यालाच अधिक दुखते आणि त्यालाच मॉर्फिन लागते. त्यामुळे त्याचे आयुष्य कमी राहिले तर दोष मॉर्फिनचा की रोगाचा, हे अशा निरीक्षणांवरून सांगता येत नाही. अफूजन्य औषधांचा प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो का, यावर प्रयोगशाळांत काम चालू आहे, पण मॉर्फिन दिल्याने माणसाची इम्युनोथेरपी फसते असे सिद्ध झालेले नाही. ज्या गावाची पैसेवारी कमी, तिथेच टँकर जास्त जातात. म्हणून टँकरमुळे दुष्काळ पडला असे कोणी म्हणत नाही. या निष्कर्षांच्या नावाखाली कोणत्याही रुग्णाची वेदनाशामक गोळी रोखली जाऊ नये, ही माझी आपणास पहिली विनंती आहे.

आता दादांचे सांगतो. औषध सुरू झाल्यावर त्यांच्या खांद्याचे दुखणे हळूहळू उतरले, पण कमरेच्या डाव्या बाजूला नवीन दुखणे उभे राहिले. पांढरकवड्याहून करंजी, वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी या वाटेने नागपूरला जाताना ते एसटीत समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून, डावी बाजू अधांतरी ठेवून बसायचे, आणि गतिरोधक आला की डोळे मिटून घ्यायचे. दुपट्ट्याची घडी करून मी त्यांच्या कमरेखाली द्यायचो. आणि तिथे पोहोचल्यावर डॉक्टरांनी ‘कसे आहात?’ असे विचारले की ते म्हणायचे, ‘बरं आहे.’ दोनदा असे झाल्यावर परतीच्या वाटेवर मी त्यांना रागावलो. तेव्हा ते म्हणाले, ‘दुखते म्हटलं तं म्हणतीन औषध लागू नाही, अन् बंद करून टाकतीन.’

माननीय महोदय, हे एक वाक्य मी आपल्यापर्यंत पोहोचवू शकलो तरी या पत्राचे काम झाले असे मी समजेन. रुग्ण दुखणे लपवतो, कारण त्याला वाटते की दुखण्याची कबुली म्हणजे महागड्या औषधाच्या अपयशाची कबुली. ‘कसे आहात?’ हा प्रश्न त्याच्यासाठी परीक्षेचा असतो. ज्याला विचारायचे आहे त्याने नेमके विचारले पाहिजे, आकड्यात विचारले पाहिजे, आणि दुखते असे सांगितल्याने औषध बंद होत नाही, हे आधी सांगून मग विचारले पाहिजे.

तसे विचारले गेले ते सहाव्या डोसच्या दिवशी. डे-केअरमध्ये एक तरुण सिस्टर होत्या. सलाईन लावताना दादांनी कूस बदलली आणि त्यांच्या तोंडून आवाज निघाला. त्या थांबल्या. ‘काका, शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, तर किती दुखते?’ दादांना तो हिशेब जमेना. शेवटी ते म्हणाले, ‘रुपयात बारा आणे.’ सिस्टर गडबडल्या. त्यांच्या पिढीने आणे ऐकलेले नव्हते. मी सांगितले, सोळापैकी बारा. त्यांनी फाइलच्या कोपऱ्यात ‘दहापैकी साडेसात’ असे लिहिले आणि डॉक्टरांना बोलावले. त्याच दिवशी कमरेची तपासणी झाली, आणि कमरेच्या हाडात रोग उतरल्याचे दिसले. छातीतली गाठ मात्र त्या वेळी आधीपेक्षा लहान झालेली होती; औषध एका ठिकाणी काम करत होते आणि दुसऱ्या ठिकाणी हाड दुखत होते, आणि हे आम्हाला दुखण्याच्या आकड्याने सांगितले.

पुढे जे झाले ते अवघड नव्हते. हाडात उतरलेल्या कर्करोगाच्या वेदनेसाठी किरणोपचाराचा ८ ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) एकच डोस, अनेक दिवस विभागून दिलेल्या डोसांइतकाच वेदना कमी करतो, हे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे. दहापैकी साधारण सहा जणांना त्याने आराम पडतो, आणि पुढे पुन्हा गरज पडली तर तो परत देता येतो. जिथे हाड मोडण्याचा किंवा मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका आहे तिथला निर्णय वेगळा असतो, तो तज्ज्ञांनीच घ्यावा. पण साध्या दुखण्यासाठी दहा दिवस नागपुरात राहणे आणि एका दिवसात परत येणे, यातला फरक खेड्यातल्या घराला विचारावा. दहा दिवस म्हणजे खोलीभाडे, खानावळ, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि गोठ्यात उपाशी जनावरे. दादांना एकच डोस दिला गेला. तिसऱ्या आठवड्यात ते माझ्या आधी उठून अंगणात फिरताना दिसले.

एक प्रसंग मात्र मला टाळता येत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या डोसच्या मध्ये, एका रात्री दुखणे असह्य झाले म्हणून आम्ही गावाजवळच्या एका खासगी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी इंजेक्शन दिले. दादांना दोन दिवस छान वाटले, भूकही लागली. म्हणून पुन्हा दिले, मग पुन्हा. ते स्टेरॉईड, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध, होते हे आम्हाला नागपूरच्या डॉक्टरांनी रिकामी बाटली पाहून सांगितले. इम्युनोथेरपी सुरू होताना ज्यांच्या पोटात रोज प्रेडनिसोलोनच्या १० मिलीग्रॅम किंवा अधिक ताकदीचे स्टेरॉईड जाते, त्यांना या उपचाराचा लाभ कमी दिसतो. त्यातही जे लोक कर्करोगाच्याच त्रासासाठी स्टेरॉईड घेत होते त्यांचे निकाल अधिक वाईट दिसले, म्हणजे इथेही रोगाची तीव्रता आणि औषधाचा दोष वेगळे करणे कठीण आहे. तरीही कारण नसताना राखणदाराला झोपेची गोळी देऊ नये, एवढे तर कोणालाही पटावे. त्या डॉक्टरांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. समोर माणूस विव्हळत होता, हाताशी जे होते ते त्यांनी दिले. त्यांच्या हाताशी मॉर्फिन नव्हते, आणि हा रुग्ण कोणते औषध घेतो हे सांगणारा एक कागदही आमच्या खिशात नव्हता.

पुढे नवव्या डोसनंतर दादांचे दोन्ही गुडघे सुजले. सगळे म्हणाले वय झाले. पण जागा झालेला राखणदार कधी कधी घरच्याच माणसांवर काठी उगारतो. या औषधांमुळे सांधे सुजतात, स्नायू दुखतात, आतड्याला सूज येऊन पोट दुखते आणि जुलाब लागतात, फुफ्फुसाला सूज येऊन दम लागतो. यांतल्या काही त्रासांवर वेळेवर स्टेरॉईड द्यावेच लागते, नाहीतर जीवावर बेतते. म्हणजे जे इंजेक्शन कमरेच्या दुखण्यासाठी चुकीचे होते, त्याच जातीचे औषध गुडघ्यांसाठी योग्य ठरले आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिले गेले. हा फरक आम्ही गावकऱ्यांनी करायचा नाही, आणि गावच्या डॉक्टरांनी एकट्याने करायचा नाही. त्यासाठी रुग्णाच्या खिशात एक पुठ्ठ्याचे कार्ड हवे : हा रुग्ण इम्युनोथेरपी घेतो, औषधाचे नाव हे, शेवटचा डोस अमुक तारखेला, नवीन दुखणे, जुलाब, दम किंवा ताप असल्यास उपचार सुरू करतानाच या क्रमांकावर फोन करावा. छपाईचा खर्च एका चहाइतकाही नाही.

मॉर्फिनविषयी जरा कळकळीने लिहितो. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमच भागात, सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमचला तिच्यावर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना आहे. अफू पिकवणाऱ्या या देशाच्या नागरिकाला कर्करोगाच्या वेदनेत साधी मॉर्फिनची गोळी तालुक्याला मिळू नये, याचे समर्थन कसे करणार? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने रुग्णालये ही गोळी ठेवायला घाबरू लागली, हे खरे होते. परंतु २०१४ मध्ये संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फिनसह काही औषधांना ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा दर्जा दिला, आणि प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घेऊन ती ठेवता येतात. कायद्याची वाट मोकळी झाली आहे. आमच्या तालुक्यात त्या वाटेने अजून कोणी चालत आलेले नाही. दुकानात विचारले की दुकानदार आधी आपल्या चेहऱ्याकडे पाहतो. दादांच्या सुनेनेही आधी विचारले होते, ‘काका, याची सवय तं नाही लागणार?’ कर्करोगाच्या वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वेळी घेतलेल्या गोळीने माणूस व्यसनी होण्याची भीती फार कमी असते, बद्धकोष्ठता मात्र हमखास होते आणि तिचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यावे लागते, एवढे नागपूरच्या डॉक्टरांनी तिला फोनवर शांतपणे सांगितले, आणि त्या दिवसापासून गोळ्यांचा हिशेब तीच ठेवते.

वेदनेकडे लक्ष देणे म्हणजे शेवटच्या दिवसांची सोय, असा समज आपल्याकडे आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आणि अमेरिकेत बोस्टनमध्ये, पसरलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, निदानापासूनच नेहमीच्या उपचारांसोबत वेदनाशमन आणि आधाराची सेवा ज्यांना मिळाली, त्यांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ११.६ महिने राहिले आणि ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले त्यांचे ८.९ महिने. तो काळ इम्युनोथेरपीच्या आधीचा होता. पुढे २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातील ७६६ रुग्णांच्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात निरनिराळ्या अवयवांच्या पसरलेल्या कर्करोगाचे रुग्ण केमोथेरपी घेत असताना आपली लक्षणे नियमित कळवत होते आणि त्रास वाढला की परिचारिकेला सूचना जात होती. त्या गटाचे मध्यक आयुष्य ३१.२ महिने आणि दुसऱ्या गटाचे २६ महिने भरले. तिथे संगणक होता. आपल्याकडे आशाताई आहेत, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देणारी सरकारी ई-संजीवनी आहे. आठवड्यातून एक फोन आणि चार प्रश्न : किती आणे दुखते, झोप लागली का, जेवण गेले का, काही नवीन सुरू झाले का.

मला आपल्याकडून आश्वासन नको, आदेश हवा, आणि तो दोन्ही विभागांचा संयुक्त हवा. इम्युनोथेरपीच्या प्रत्येक फाइलवर पहिल्या डोसच्या आधी आणि नंतर प्रत्येक डोसला दुखण्याचा आकडा लिहिणे सक्तीचे करावे, तो दहापैकी चार किंवा अधिक असेल तर त्याच दिवशी त्यावर काय केले तेही लिहावे, आणि ज्या रुग्णाला दहाचा हिशेब कळत नाही त्याला आण्यांत विचारावे. प्रत्येक तालुक्यातील किमान एका सरकारी रुग्णालयाने मॉर्फिन ठेवण्याची मान्यता घ्यावी आणि तिथल्या एका डॉक्टरला त्याचे प्रशिक्षण द्यावे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली आहे. यवतमाळला आणि विदर्भातल्या इतर जिल्ह्यांना ती मिळतील तेव्हा तिथे सलाईनच्या खुर्च्यांबरोबर वेदनाशमनाची खोलीही पहिल्या दिवसापासून असावी, नंतर जोडू असे होऊ नये. डोस यवतमाळला मिळाला तर नागपूरच्या फेऱ्या वाचतील, परंतु दुखण्याचा औषधोपचार नागपुरातच राहिला तर ज्या वाटेने दादा दांडा धरून जात होते, ती वाट तशीच राहील.

सहाव्या डोसनंतर मी घरच्या भिंतीवरील कॅलेंडरवर रोज रात्री एक आकडा लिहितो. सुरुवातीचा महिना बारा, तेरा, अकरा असा आहे. किरणोपचारानंतर आठ, सहा, चार. गुडघे सुजले त्या आठवड्यात पुन्हा दहा. सध्या दोन किंवा तीन आणे असतात, आणि सकाळी एक, रात्री एक अशा सावकाश विरघळणाऱ्या मॉर्फिनच्या दोन गोळ्या त्यांना पुरतात. कॅलेंडरची ती पाने या पत्रासोबत जोडत आहे.

पुढचा डोस नऊ दिवसांनी आहे. घरात चौदा गोळ्या आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त कृषी सहायक
तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ